आधी पाय, मग मन

मधुमेह आणि रक्तदाबाच्या ओपीडीत केसपेपरवर साखरेचा आकडा लिहून झाला, गोळ्या लिहून झाल्या की शेवटी एक वाक्य येतेच : रोज चाला, वजन कमी करा. पूर्वी त्यावर उत्तर यायचे, 'वेळ कुठंय डॉक्टर?' आता वेगळेच ऐकू येते. 'कळतंय सगळं, पण मनच होत नाही.' बँकेतले साहेब हे म्हणतात, रिक्षावाले म्हणतात, दोन बाळंतपणांनंतर गुडघ्यांवर हात टेकून उठणाऱ्या पस्तिशीच्या बाई म्हणतात. यातले बरेच जण कधीकाळी कबड्डी खेळलेले, सायकलवरून लांबच्या शाळेत गेलेले, मंगळागौरीला रात्रभर फुगड्या घातलेले असतात. त्यांना नवे काही शिकायचे नाही. जिथे होते तिथे परत जायचे आहे, आणि पहिले पाऊल टाकण्याआधी मनात उत्साह दाटून येण्याची वाट पाहत ते थांबले आहेत.

हे थांबणे महागात पडते. उत्साह आला की व्यायाम सुरू करू, हा क्रम बहुतेकांना स्वाभाविक वाटतो. शरीर मात्र तो पाळत नाही. जेवण्याचे आणि झोपण्याचे मन आपोआप होते, कारण त्यांच्यावाचून शरीराचे चालत नाही. हालचाल टाळणे त्याला परवडते, निदान आजच्यापुरते तरी. उलट शक्ती राखून ठेवणे हा त्याचा जुना स्वभाव. त्यामुळे बसलेल्या माणसाला उठावेसे वाटेल अशी काही सोय निसर्गाने केलेली नाही. मानसोपचारात ही गोष्ट फार पूर्वीपासून माहीत आहे. नैराश्याच्या रुग्णाला 'मन प्रसन्न झालं की घराबाहेर पडा' असे कोणी सांगत नाही. मन असो वा नसो, रोजच्या वेळापत्रकात छोटी छोटी कामे लिहून दिली जातात, आणि ती करता करता मन मागून येते. हा रीतसर मान्यता पावलेला उपचार आहे. व्यायामाचे याहून वेगळे नाही. पहाटे साडेचारला उठणाऱ्या पिळदार दंडांच्या माणसांचे मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून जो उत्साह येतो, तो व्हिडिओ संपेपर्यंत टिकतो. ते पाहताना आपण पलंगावर आडवे असतो, हेही ध्यानात घ्यावे.

मात्र 'मन होत नाही' याला आळस म्हणण्याआधी रक्त तपासायला हवे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. महाराष्ट्राचा आकडाही निम्म्याच्या वरच आहे. हिमोग्लोबिन आठ असलेली बाई दुसऱ्या मजल्यावर पोहोचेपर्यंत धापा टाकते आणि घरचे म्हणतात, 'हिला अंगच हलवायला नको.' तिला उपदेश नको, लोहाच्या गोळ्या हव्यात. थायरॉइड मंद असेल, साखर तीनशेच्या घरात असेल किंवा घोरताना श्वास अडून रात्रभर झोप मोडत असेल, तरीही दिवसभर अंग जड राहते. आणि ज्याला व्यायामच काय, जेवण, गप्पा, नातवंडे, कशातच रस उरलेला नाही आणि हे दोन आठवड्यांहून अधिक काळ चालले आहे, त्याने ट्रॅकसूट विकत घेण्याआधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. यातल्या बहुतेक तपासण्या सरकारी रुग्णालयात होतात. त्यांत काही निघाले नाही, तर पुढचे वाचावे.

१९६६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या डॅलस शहरात पाच तरुणांवर एक प्रयोग झाला. सगळे वीस वर्षांचे, धडधाकट. त्यांना तीन आठवडे अंथरुणावर पडून राहायला सांगितले. उठायचे नाही, चालायचे नाही. त्याआधी आणि त्यानंतर त्यांचा दमसास मोजला. माणूस जास्तीत जास्त जोर लावतो तेव्हा त्याचे हृदय, फुप्फुसे आणि स्नायू मिळून किती प्राणवायू वापरू शकतात, याचे हे माप. तीन आठवड्यांत ते एक चतुर्थांशाहून अधिक घसरले. हृदयविकाराच्या झटक्यानंतर रुग्णाला आठवडेच्या आठवडे पलंगाला खिळवून ठेवायची त्या काळची रीत बदलायला या प्रयोगाने हातभार लावला. आजही शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी आम्ही रुग्णाला उभे केले की नातेवाईक घाबरतात. 'एवढ्यात कशाला उठवताय त्यांना?' त्यामागे हे शास्त्र आहे.

तीस वर्षांनी, १९९६ मध्ये, तेच पाच जण पुन्हा गोळा केले. आता पन्नाशीचे. सरासरी वजन ७७ किलोवरून १०० किलोवर गेलेले, अंगातली चरबी दुप्पट झालेली. आपल्याकडच्या कोणत्याही कचेरीत दिसतील तसे पाच गृहस्थ म्हणा ना. त्यांचा दमसास पुन्हा मोजला, तर तो विशीतल्या मापापेक्षा साधारण अकरा टक्क्यांनीच कमी भरला. तीस वर्षांच्या वयाने जेवढे नेले, त्याच्या दुपटीहून अधिक विशीतल्या तीन आठवड्यांच्या लोळण्याने नेले होते!

मग त्यांना सहा महिने व्यायाम दिला. चालणे, हळू धावणे, जागेवरची सायकल. सुरुवात अगदी थोडक्यापासून, मग हळूहळू वाढवत सहा महिन्यांच्या शेवटी आठवड्याला सुमारे साडेचार तास. पन्नाशीच्या या माणसांचा दमसास, विशीत ते अंथरुणावर पडण्यापूर्वी जिथे होता, तिथे परत आला. वजन मात्र चार-पाच किलोच उतरले.

पाच माणसांचा अभ्यास म्हणजे काही मोठी शिरगणती नव्हे, आणि पाचही पुरुष होते. तरी इतकी वर्षे हा अभ्यास वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना सांगितला जातो, कारण ज्याला आपण 'आता वय झालं' म्हणतो त्यातले बरेचसे वय नसून निव्वळ बसणे असते, हे त्याने मापून दाखवले. बसण्याने गेलेले परत मिळते. मात्र ते सहा महिन्यांत मिळते, सहा दिवसांत नाही.

वजनाचा तो शेवटचा तपशील मला सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण बहुतेकांचा उत्साह मरतो तो वजनकाट्यावर. पंधरा दिवस घाम गाळायचा, काट्यावर उभे राहायचे, काटा तसूभर हललेला नसतो. मग 'माझ्या अंगाला व्यायाम मानवतच नाही' असा निष्कर्ष काढून चपला काढून ठेवायच्या. खरे तर त्या पंधरा दिवसांत आत पुष्कळ काही हललेले असते. चालणारा स्नायू रक्तातली साखर इन्शुलिनच्या मदतीशिवायही खेचून घेऊ लागतो, रक्तदाब थोडा खाली येऊ लागतो, झोप सुधारते. काट्याला यातले काहीच दिसत नाही. आपल्या लोकांच्या बाबतीत तर काटा आणखीच फसवतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे सहकारी डॉ. युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचीच मापे छापली होती. उंचीच्या मानाने वजन दोघांचे अगदी सारखे, बीएमआय २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. दिसायला सडपातळ आणि आतून चरबीदार अशी आपली ठेवण आहे. म्हणून काट्याऐवजी बेंबीच्या पातळीवर टेप लावावी : पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत, स्त्रियांची ८० च्या आत असावी. आणि टेपपेक्षाही सोपी मापे आहेत. तोच जिना चढताना कितव्या पायरीवर थांबावे लागते? जमिनीवर मांडी घालून बसल्यावर हात न टेकता उठता येते का? पहिल्या दिवशीचे उत्तर कॅलेंडरवर लिहून ठेवावे, महिन्याने पुन्हा पाहावे. या मापांत फरक लवकर दिसतो, आणि फरक दिसला की दुसऱ्या महिन्याचे मन होते.

सुरुवातीला सगळ्यात जास्त फसतात ते माजी खेळाडू. कॉलेजात राज्यस्तरावर खेळलेला माणूस पंचेचाळिसाव्या वर्षी मैदानावर उतरतो तो विशीच्या आठवणी घेऊन. पहिल्याच दिवशी पाच फेऱ्या धावतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या अशा भरून येतात की कमोडवरून उठवत नाही, पोटरीचा स्नायू लचकला असेल तर महिनाभर लंगडतो. अंग असे ठणकले की मेंदू एकच धडा शिकतो : हे पुन्हा नको. मन न होण्याचे हे अगदी शारीरिक कारण आहे. पहिला महिनाभर व्यायाम इतका सोपा असावा की संपताना 'एवढंच?' असे वाटावे. चालताना शेजारच्याशी बोलता आले पाहिजे. बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, एवढा वेग पुरे. औषध म्हणून लिहून द्यायचे झाले तर मी शतपावली लिहून देईन. रात्रीच्या जेवणानंतर दहा मिनिटे, घराच्या दारापासून कोपऱ्यापर्यंत आणि परत. जेवणानंतर चढणारी साखर अशा थोड्याशा चालण्यानेही कमी चढते, हे आता मोजून सिद्ध झाले आहे. आजीला ते न मोजता माहीत होते. जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम दमाच्या हालचालीचे आहे, शिवाय दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम. पण २०२० च्या मार्गदर्शनात संघटनेने 'एका वेळी किमान दहा मिनिटे तरी' ही जुनी अट काढून टाकली. तीन मिनिटांचा जिनाही हिशेबात धरला जातो.

काही पथ्ये लागलीच सांगतो. चालताना छातीत दाब किंवा जबडा-हातात कळ येत असेल, चक्कर येत असेल, तर थांबा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. इन्शुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर उपाशीपोटी चालू नका, खिशात साखर किंवा ग्लुकोजच्या गोळ्या ठेवा. तळव्यांना बधिरपणा असलेल्या मधुमेहींनी अनवाणी चालू नये, मग ते देवळाच्या प्रदक्षिणेचे चालणे का असेना.

ताकदीच्या व्यायामाला आपले लोक, विशेषतः बायका, फार बिचकतात. वास्तविक खुर्चीवरून हात न लावता दहा वेळा उठणे-बसणे हाही ताकदीचाच व्यायाम. आणि उशीर झाला म्हणाल, तर १९९० मध्ये बोस्टनच्या एका वृद्धांच्या संस्थेतला अभ्यास प्रसिद्ध झाला. ८६ ते ९६ वयाच्या दहा जणांना आठ आठवडे मांडीच्या स्नायूंचा वजनी व्यायाम दिला. नऊ जणांनी तो पूर्ण केला आणि त्यांच्या स्नायूंची ताकद सरासरी अडीच पटीहून अधिक झाली. नव्वदीच्या माणसाला ही ताकद आरशात पाहण्यासाठी नको असते. रात्री संडासला जाताना तोल सावरला जातो की खुब्याचे हाड मोडते, हे त्यावर ठरते.

'नव्याचे नऊ दिवस' हा अनुभव सगळ्यांचा आहे. नऊ दिवसांनी सुटते, कारण तोवर सवय लागलेलीच नसते. लंडनमध्ये ९६ जणांवर झालेल्या एका अभ्यासात, २०१० मध्ये तो छापून आला, एखादी नवी गोष्ट रोज करता करता ती आपसूक होऊ लागायला साधारण ६६ दिवस लागतात असे दिसले. कोणाला १८ दिवस पुरले, कोणाला २५४ लागतील असा हिशेब निघाला. एकवीस दिवसांचे जे सूत्र सगळीकडे ऐकू येते त्याला आधार नाही. याच अभ्यासातले दुसरे निरीक्षण मी रुग्णांना आवर्जून सांगतो : मध्ये एखादा दिवस चुकला तर फारसे बिघडले नाही. आपल्याकडे एक दिवस चुकला की नेम मोडला, आता पुढच्या एक तारखेपासून, नाहीतर थेट पाडव्यापासून, असा हिशेब होतो. व्यायाम म्हणजे काही सोळा सोमवारचे व्रत नव्हे. मंगळवारी पाहुणे आले, बुधवारी चालावे.

सवय लागते ती आधीच्या एखाद्या पक्क्या गोष्टीला बांधली तर. मुलाला शाळेच्या बसमध्ये बसवले की घरी न परतता तिथूनच पुढे चालायचे. ऑफिसातून येताना एक थांबा आधी उतरायचे. 'वेळ मिळेल तेव्हा' असे म्हणाल, तर ती वेळ कधीच येत नाही. जिमची वर्षाची फी भरली की पैशाच्या काळजीने तरी जाऊ, हा डावही बहुधा फसतो. अमेरिकेत दोन अर्थतज्ज्ञांनी तीन व्यायामकेंद्रांच्या सात हजारांहून अधिक सभासदांच्या हजेऱ्या तपासल्या. महिन्याची फी भरणारे इतक्या कमी वेळा जात की त्यांना एक खेप १७ डॉलरहून अधिकला पडे. दर खेपेचे पास घेतले असते तर १० डॉलरमध्ये भागले असते. फी भरताना माणूस स्वतःच्या भविष्यातल्या उत्साहावर पैसे लावतो. त्यापेक्षा चांगले बूट घ्यावेत.

आणि सोबत. आषाढीच्या वारीत आळंदीपासून पंढरपूरपर्यंत सुमारे अडीचशे किलोमीटर चालणारे सगळेच काही वर्षभर चालणारे नसतात. दुकानात गल्ल्यावर बसणारे असतात, सुनेच्या हातचा चहा अंथरुणात घेणारे असतात. भक्ती तर आहेच, ती माझ्या शास्त्राच्या मापात येत नाही. पण वारीची रचना पाहा : निघायची तिथी ठरलेली, दिंडी ठरलेली, मुक्काम ठरलेला, पुढे-मागे ओळखीची माणसे, तोंडात अभंग. सकाळी उठून 'आज मन आहे का' असा प्रश्न पडायला तिथे जागाच नाही. (वारीनंतर पायाचे फोड आणि सुजलेले गुडघे घेऊन ओपीडीत येणारेही असतात, अकरा महिने बसून एक महिना चालण्याची ती किंमत.) चाळीत, सोसायटीत, कॉलनीत तिघा-चौघांची दिंडी जमवायला कोणाची परवानगी लागत नाही. खाली कोणी उभे आहे, एवढ्या संकोचाने पावसाळी सकाळीही माणूस उठतो.

स्त्रियांबद्दल वेगळे बोलायला हवे. २०२४ मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये आलेल्या अंदाजानुसार २०२२ साली भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नव्हते. पुरुषांत ४२ टक्के, स्त्रियांत ५७ टक्के. हे ऐकले की ओपीडीतल्या बाई चिडतात, 'दिवसभर उभीच असते की मी!' त्यांचे चिडणे योग्य आहे. जिला चार घरची धुणीभांडी आहेत, जी खुरपणीला जाते, तिला 'चालत जा' म्हणणे ही थट्टा आहे. तिला विश्रांती हवी आणि ताटात डाळ-उसळ जास्त हवी. पण ओट्यापाशी उभे राहण्याने पाय दुखतात, दमसास वाढत नाही. अशा बाईला मन नसते असे नाही. तिला संध्याकाळचा अर्धा तास नसतो. त्या अर्ध्या तासात कुकर कोण लावणार, सासऱ्यांना चहा कोण देणार, हे घरातल्या पुरुषाने ठरवायचे आहे. बायकोची साखर वाढली म्हणून काळजीने सोबत आलेल्या नवऱ्यांना मी गोळ्यांच्या वेळा सांगतो, तसे हेही सांगतो. काही हसतात. काहींच्या बायकांची तीन महिन्यांची साखर पुढच्या खेपेला उतरलेली असते.

एक गोष्ट मात्र केसपेपरवर लिहून देता येत नाही. चाला म्हणायचे, पण कुठे? फुटपाथवर दुचाक्या, त्याच्या पलीकडे उघडे गटार, कोपऱ्यावर कुत्र्यांची टोळी, रस्त्याचा दिवा बंद. अंधार पडल्यावर एकट्या बाईने चालावे असे रस्ते किती आहेत? मैदाने लग्नाला आणि प्रदर्शनांना भाड्याने जातात. उद्यानांत खुल्या व्यायामशाळा बसवल्या, उद्घाटनाचे फोटो छापून आले, आता पायडल तुटलेले आहेत आणि वंगण घालायला माणूस नाही. बसण्यातून होणाऱ्या आजारांच्या गोळ्यांवर सरकार खर्च करतेच आहे, आणि तो खर्च रुग्णाच्या हयातभर चालणारा आहे. त्यामानाने जिल्हा परिषदेची आणि पालिकेची शाळा सुटल्यावर तिचे मैदान दोन तास उघडे ठेवायला फार काही लागत नाही : एक रखवालदार, चार दिवे आणि बायकांसाठी वापरण्याजोगे स्वच्छतागृह. मत मागायला दारात येणाऱ्या उमेदवाराला एवढे जरूर विचारावे, की आमच्या वॉर्डातल्या शाळेचे फाटक संध्याकाळी सहानंतर उघडे राहील का, आणि त्याची किल्ली कोणाकडे असेल.